फळीवरचा डबा

वारलूनं पोल्ट्रीतला एक पक्षी उचलून कानाशी धरला. छातीत घरघर होती. खाली ठेवला तर तो चालला नाही. तुसावर पिसं फुलवून तिथंच बसला. शेडमधले बहुतेक असेच बसले होते. सकाळचं खाद्य भांड्यांत तसंच होतं.

आठवड्याच्या सुरुवातीला पाण्यातून लस दिली होती. लसीनंतर पक्षी जरा मलूल होतात, हे त्याला ठाऊक होतं. पण या वेळी त्यांनी खाणंच सोडलं होतं. मुलगा सुनिल आलापल्लीला डॉक्टरांकडे गेला होता. त्याचा फोन आला. डॉक्टर म्हणाले होते, औषध आत्ताच नको, लस अंगी लागू द्या. पण पक्ष्यांनी खाल्लं पाहिजे, नाहीतर बॅच हातची जाईल.

सून रंजीता बादली घेऊन दारात उभी होती. आई आजारी म्हणून ती लसीच्या आधीच मुलचेऱ्याला माहेरी गेली होती, आज सकाळीच परतली होती.

“मामाजी, आत्याबाईची पावडर टाकून पाहू का?”

“त्या डब्याले हात लावू नको.”

भुईनिंब आणि गुळवेल जंगलातून आणून वारलूची बायको सुकरी कुटायची आणि लसीच्या दिवसांत खाद्यात मिसळायची. पावसाळ्यात ती देवाघरी गेली, तेव्हा डबा अर्धा होता. वारलूनं झाकण लावून तो फळीवर ठेवला, तो ठेवलाच.

“मांगच्या दोन बॅचले कुठी टाकली होती?” तो म्हणाला. “जगल्याच ना त्या.”

 रंजीतानं बादली या हातातून त्या हातात घेतली.

दुपारी कोपऱ्यातल्या एका पक्ष्यानं मान टाकली. मग त्याच्या शेजारच्यानं. वारलूनं दोन्ही पोत्यात घातले, हात धुतले आणि घरात गेला. रंजीता मागून आली, पण उंबऱ्याशीच थांबली.

डबा खाली घेतानाच जड लागला. त्यानं झाकण काढलं. डबा काठोकाठ भरलेला होता. सुकरीची पावडर हिरवी, मऊ असायची. ही तपकिरी होती, भरड. त्यानं चिमूटभर जिभेवर ठेवली. कडू तेवढीच होती.

बराच वेळ तो फळीकडे तोंड करून उभा राहिला. मागे रंजीतानं पदराचं टोक बोटाला घट्ट गुंडाळलं होतं.

“तिची कवा सरली?”

“पहिल्याच बॅचले, मामाजी.”

तो तिच्या बाजूनं बाहेर गेला. शेडमध्ये त्यानं सगळा डबा बादलीत उलटा केला, कोपरापर्यंत हात घालून खाद्य कालवलं आणि भांड्यांत ओतलं. पक्षी हलले नाहीत. तो उकिडवा बसून राहिला. खूप वेळानं दारापाशी एक उठला, भांड्यापर्यंत आला, चोच घातली.

“सावलीत सुकवत जाय,” वारलू म्हणाला. “उन्हात रंग जाते.”

आणि वर न बघता त्यानं रिकामा डबा तिच्यापुढे धरला.