खोल नांगरट

माधुरीच्या बापाच्या वरकसावरची माती गावातल्याच जगनने एका सकाळी जेसीबी लावून खरवडून नेली. खर्डीच्या वरच्या अंगाला असलेला तो गवताळ उतार तासाभरात मुरमाचा झाला. माती मुरबाडकडच्या कुठल्याशा फार्महाऊसच्या हिरवळीसाठी गेली. तिचा बाप पांडू डंपरला आडवा झाला, तर जगनने चार माणसांदेखत त्याच्या थोबाडीत मारली. माधुरीने तक्रार दिली. साक्षीला कोणी उभं राहिलं नाही. पांडू पुन्हा वरकसावर गेला नाही. जेवताजेवता त्याचा हात त्या गालावर जायचा आणि माधुरीचा घास तोंडातच राहायचा.

ती शहापूरला माती तपासणीच्या लॅबमध्ये नोकरीला होती. काय गेलं हे तिला पुरतं ठाऊक होतं. पवना, मारवेल अशा गवतांची मुळं खोल जातात आणि जमिनीखाली साखर पाझरवतात. त्यावर सूक्ष्मजीव पोसतात, मरतात, त्यांचे अवशेष मातीच्या कणांना घट्ट चिकटतात. गवताने हवेतून ओढलेला कार्बन असा पिढ्यान्‌पिढ्या साठत जातो. माती काळी होते, पाणी धरते.

जगनच्या वरकसात ते सगळं शाबूत होतं. त्याच्या आजापासून तिथं नांगर शिरला नव्हता. त्या गवतावर त्याच्या म्हशी जगत होत्या, उरलेलं तबेल्यांना जात होतं. वाटेने जाताना माधुरी रोज तो उतार बघायची.

पुढे जगनने म्हशी वाढवल्या. चारा पुरेना, तेव्हा तो स्वतःच तिच्या ओट्यावर आला.

"मॅडम झालीस गो तू. झालंगेलं विसरलीस ना?"

"विसरले, काका."

"मंग सांग. त्या वरकसातून जास्त चारा कसा काढू?"

माधुरीने त्याला चहा दिला. आत पांडू खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडला होता.

"गवत काढून टाका," ती म्हणाली. "ट्रॅक्टर लावून खोल नांगरा. उभं-आडवं. ढेकूळ ठेवू नका. उन्हात उघडं राहू द्या आणि पावसाला मका टाका. बघा कसा येतो."

"खतबित?"

"पहिल्या वर्षी लागणारच नाय."

यात एक शब्द खोटा नव्हता. मका माणसाच्या डोक्यावर गेला. नांगरटीने ढेकळं फुटली होती, आत हवा शिरली होती आणि सूक्ष्मजीव इतक्या वर्षांचा साठा अधाशासारखा फस्त करत होते. कार्बन वायू होऊन उडत होता. मोकळं झालेलं सत्त्व मक्याला मिळत होतं. जगन गावभर सांगत सुटला, "पांडूच्या पोरीनं केलं हां!" माधुरी हसून मान हलवायची. रात्री तिला छान झोप लागायची.

दुसऱ्या वर्षी मका कमरेएवढा आला. तिसऱ्या वर्षी पिवळा पडला. धरून ठेवायला मुळं नसल्याने पावसाने माती ओढ्यात नेली, उतारावर घळी पडल्या. जगनने म्हशी विकायला काढल्या. त्याची बायको बाईजा चाऱ्यासाठी आटगावच्या बाजूपर्यंत जाऊ लागली. भारा घेऊन परतताना ती माधुरीच्या दारात टेकायची, पाणी मागायची. माधुरी पाणी द्यायची, पण तिच्या तोंडाकडे बघायची नाही.

शेवटी जगन आला. "तू सांगितलंस तसंच केलं. मंग असं कसं झालं?"

"असंच होणार होतं. मला माहीत होतं."

त्याला समजायला वेळ लागला. मग त्याने हात उगारला. पांडू आतून बाहेर आला आणि लेकीच्या शेजारी उभा राहिला. जगनचा हात खाली आला.

"पोरी, तू मला मारलंस," तो म्हणाला.

"हो."

चार दिवसांनी बाईजा एकटीच आली. "तुझ्या बांधाला पवना उरलाय. त्याचे मुळासकट ठोंब दे गो. त्यानं काय केलं ते मी बघितलंय, तेव्हा बोलले नाय. पण म्हशींनी काय केलंय?"

बाईजाला नाही म्हणणं माधुरीला जमेना, आणि जगनला सोडणंही.

"देते, काकी. पण लावणार काकाच. मजूर नाय, तुमी नाय. स्वतःच्या हातानं."

आषाढात जगन गुडघ्यांवर बसून उतारावर ठोंब लावत होता. गावातली माणसं वाटेवर थांबून बघत होती. पांडूने यायला नकार दिला होता, म्हणून माधुरी एकटीच छत्री घेऊन बांधावर बसली होती. हे गवत फुटेल, वाढेल. पण नांगराने उडालेलं जमिनीत परत साठायला तिचाही जन्म पुरणार नाही, हे ती जाणून होती. जगनची बोटं सोलवटली होती. तिला त्याची दया यायला हवी होती. आली नाही.

"वरवर लावताय, काका," ती म्हणाली. "उपटा. परत लावा."