एकशे चौथा

आमच्या शहरात रोज कसला ना कसला दिवस असतो. जूनमध्ये शेजाऱ्यांचा दिवस. जुलैत मित्रांचा, तेव्हा वर्षभर एकमेकांचं तोंड न पाहिलेली माणसं गळ्यात पडून रडतात. ऑगस्ट लागला की एक तारखेला उठल्या उठल्या, रिकाम्या पोटी, सतापाची काडी बुडवलेल्या दारूचे तीन घोट घ्यायचे, म्हणजे हिवाळा आपल्याला नेत नाही; आमच्याकडे हिवाळा जून ते ऑगस्ट. मग बेकरीवाल्यांचा दिवस, मग न्हाव्यांचा. सायकली दुरुस्त करणाऱ्याचा दिवस तेवढा नाही. मी चौकशी केली होती.

हिवाळा नेत नाही म्हणे. गेल्या दहा वर्षांत आमच्या वस्तीतून हिवाळ्यानं एक म्हातारा नेला, तोही ब्याण्णव वर्षांचा. बाकीच्यांना न्यायला मोटारसायकलवरून दोन पोरं येतात. पुढचा चालवतो, मागचा गोळ्या झाडतो. त्याच्यावर कुठला सताप चालतो ते कोणी सांगत नाही. शेजाऱ्यांच्या दिवशी ज्याच्याकडे केक घेऊन जातो, त्याच्याच दारावर गोळ्या वाजल्या की आम्ही दिवे घालवून जमिनीवर आडवे होतो. मीही होतो. उगाच शूरपणा सांगत नाही.

एकोणतीस जूनला तर दोन सण एकाच दिवशी. दर महिन्याच्या एकोणतीस तारखेला घरोघरी न्योकी, म्हणजे बटाटा आणि पिठाचे उकडलेले गोळे, करायची आणि ताटलीखाली एक नोट सरकवून खायची, म्हणजे पुढच्या महिन्यात बरकत. माझ्या ताटलीखाली वीस वर्षं नोट आहे, बरकत अजून वाटेत आहे. आणि त्याच दिवशी सान पेद्रो आणि सान पाब्लो या संतांचा सण. म्हणून संध्याकाळी मोकळ्या जागेत मोठा जाळ करायचा आणि त्यात चिंध्यांचा बाहुला जाळायचा. आठवडाभर आधीपासून पोरं घरोघर फिरून मोडक्या खुर्च्या, फळांच्या पेट्या, जुने कपडे मागतात. का जाळायचा, ते पाद्रीबाबालाही धड सांगता येत नाही. सान पेद्रोनं काय घोडं मारलंय कोणाचं?

त्या वर्षी एकोणतीस जूनला सकाळी आठ वाजता मी दुकानाचं शटर वर करत होतो. गवतावर पांढरं दंव साचलं होतं, बोटं शटरला चिकटत होती. पहाटे चार-पाच गोळ्या वाजलेल्या सगळ्या वस्तीनं ऐकल्या होत्या आणि नेहमीप्रमाणे कोणीच ऐकल्या नव्हत्या. तेवढ्यात पेपरवाला आन्सेल्मो धापा टाकत आला. रेल्वेच्या रुळांपलीकडच्या मोकळ्या जागेत एक जण पडलाय म्हणाला. पालथा. अंगावर ताडपत्री टाकलीये, नुसते खांदे आणि डोकं दिसतंय. राखाडी जाकीट, नारिंगी बाह्या, टोपी डोक्यावर ओढलेली.

मी शटर तसंच अर्धवट सोडलं. असं जाकीट वस्तीत एकच होतं, आणि ते माझ्या भाच्याचं होतं.

भाचा म्हणजे तादेओ, माझी धाकटी बहीण नेलिदा हिचा एकुलता एक. एकोणीस वर्षांचा. नेलीचा नवरा कामासाठी म्हणून दक्षिणेला गेला तो तिकडचाच झाला, तेव्हापासून पोराला तिनं लोकांची धुणीभांडी करून वाढवलं. आदल्या संध्याकाळी दोघांचं कडाक्याचं भांडण झालं होतं. तादेओच्या पायात नवे बूट दिसले. नेलीनं विचारलं, कुठून आणले. तो म्हणाला, कामाच्या पैशातून. कसलं काम, तर गप्प. आमच्याकडे एकोणीस वर्षांच्या पोराच्या पायात नवे बूट आले आणि तो गप्प बसला, तर आई काय समजायचं ते समजते. कोपऱ्यावरच्या टोळक्याचे पैसे आहेत हे, ती ओरडली, तिकडेच जाऊन मर, परत येऊ नकोस. तो गेला. परत आला नाही. रात्रभर फोन बंद.

हे सगळं तिनं मला रात्रीच फोनवर सांगितलं होतं, आणि मी सांगितलं होतं की येईल गं, पोरं अशीच असतात.

मी तिला सांगायला जाणार, तर बातमी माझ्या आधी पोचली होती. वाईट बातमीला आमच्याकडे पाय नाही, चाकं असतात. नेली रस्त्यावर मधोमध चालत येत होती. स्वेटर नाही, पायात घरातल्या सपाता, आणि दोन्ही हात कोपरापर्यंत पिठानं आणि बटाट्यानं माखलेले. न्योकी वळत होती ती. हात तसेच पुढे धरून चालत होती, जसं काही कुठे पुसायचे ते विचारायचं होतं.

"एवढ्या थंडीत तो काय घालून गेला ते मी बघितलंसुद्धा नाही, फ्लोरेआल," ती म्हणाली. "मी बघितलंच नाही त्याच्याकडे."

मी तिला माझा कोट दिला. तिनं हात बाहीत घातले नाहीत, पीठ लागेल म्हणून.

मोकळ्या जागेशी पोचलो तेव्हा पोलिसांची पिवळी पट्टी बांधून झाली होती. एक सार्जंट आणि एक कोवळा शिपाई, दोघं गाडीच्या इंजिनावर हात शेकत उभे. पट्टीपासून तो पडलेला पंधराएक पावलांवर होता. डावा हात डोक्याच्या वर गेलेला, कोपरावर लाल कॉर्डरॉयचं ठिगळ. ते ठिगळ नेलीनं माझ्याच जुन्या पँटमधून कापून लावलं होतं.

ठिगळ दिसल्यावर ती मटकन खाली बसली. रडली नाही. तिच्या तोंडातून एक आवाज निघाला, जो मी आमची आई गेली तेव्हाही ऐकला नव्हता.

मी सार्जंटला म्हटलं, ही आई आहे, तिला जाऊ द्या. तो म्हणाला, तज्ज्ञांची गाडी आल्याशिवाय कोणी हात लावायचा नाही, पुरावे बिघडतात. मी विचारलं, तुम्ही तरी जाऊन बघितलं का, जिवंत आहे की काय. तो म्हणाला, त्याच्या अंगावर दंव पडलंय, साहेब, जिवंत माणसावर पडत नाही. बोलला ते खरं होतं. म्हणून मला तो आणखीच नको झाला.

गाडी काही येईना. नऊ वाजले, सव्वानऊ वाजले. निम्मी वस्ती जमली. आणि वस्तीला हे काम पाठ आहे, हेच मला सहन होत नाही. कोणाला सांगावं लागत नाही. कोणी खुर्ची आणली, कोणी माते नावाच्या आमच्या कडू चहाचा थर्मास आणला, कोणी नेलीच्या पायांवर घोंगडी टाकली. दोन्या एर्मिंदा, आमच्या कोपऱ्यावरची म्हातारी, जपमाळ घेऊन बसली आणि बायका तिच्यामागे पुटपुटू लागल्या. शवपेटी कुठून स्वस्त मिळते, यावर दोन माणसं हलक्या आवाजात बोलत होती, कारण दोघांनीही घेतलेली होती. आन्सेल्मोच्या खिशातल्या रेडिओवर निवेदक सांगत होता, की शहरात आज वर्षातला एकशे चौथा खून, मयत एक तरुण, हिशेब चुकवण्याचा प्रकार असावा. आणि त्यानंतर लगेच, सर्वांना न्योकीच्या शुभेच्छा, आज कोणता सॉस करताय ते आम्हाला कळवा.

मी आन्सेल्मोला म्हटलं, ते बंद कर नाहीतर तुझ्या घशात घालीन. त्यानं बंद केलं.

एकशे चौथा. पोरगा अजून उचललाही नाही तोच त्याला आकडा चिकटवला, आणि हिशेबही लावला. म्हणजे त्यानंच काहीतरी केलं असणार. नवे बूट असणार.

बूट मनात आले म्हणून मी पायांकडे बघितलं. पाय ताडपत्रीखाली होते. साडेनवाच्या सुमाराला नदीकडून वारा सुटला आणि ताडपत्रीचं टोक उलटलं. बूट नव्हतेच. नुसती निळी पँट, उजव्या गुडघ्यावर तीन भोकं, एकाच रांगेत.

ती भोकं वेल्डिंगच्या ठिणग्यांनी पडलेली होती. मला ठाऊक आहे, कारण तेव्हा आत माझा गुडघा होता. ती पँट माझी.

माझी पँट तादेओच्या अंगात कशी? तो माझ्यापेक्षा वीतभर उंच. मग आठवलं. चार दिवसांपूर्वी दहा-बारा पोरं दुकानात आली होती, पुढे ब्रिसा नावाची दहा वर्षांची पुढारीण. बाहुल्यासाठी कपडे द्या, काका. मी एका फ्रेमला वेल्ड मारत होतो. मागच्या खिळ्यावर जे काही लटकत होतं ते सगळं न बघता पोत्यात कोंबलं आणि पोतं तिच्या हातात दिलं. त्या खिळ्यावर तादेओ शरद ऋतूत माझ्याकडे काम करायचा तेव्हा त्याचं जाकीट लटकवायचा. ते घरी न्यायचं विसरला होता की काय? मला शपथेवर सांगता आलं नसतं.

आणि सांगायचं कसं? नेलीला आशा दाखवायची आणि ती खोटी निघाली तर मीच तिला मारलं असतं. मी पट्टी वर उचलली आणि चालायला लागलो.

सार्जंट मागून ओरडला, थांबा, गोळी घालीन. मी म्हटलं घाल, तेवढाच एकशे पाचवा. पंधरा पावलं. माझ्या आयुष्यात मी इतकं लांब कधी चाललो नाही. जवळ गेलो, गुडघ्यावर बसलो, खांद्याला धरून उलटं केलं.

वजनच नव्हतं. उशीच्या अभ्र्याचं तोंड, कोळशानं काढलेल्या मिशा, आणि या कानापासून त्या कानापर्यंत हसू. दातसुद्धा काढले होते, एक सोन्याचा, सिगरेटच्या पाकिटातल्या कागदाचा.

मी त्याला काखेत धरून उभा केला आणि वस्तीला दाखवला. आधी कोणाला काही कळेना. मग दोन्या एर्मिंदाची जपमाळ थांबली, आणि कोणीतरी हसलं, आणि मग सगळे हसत होते आणि रडत होते, आणि तो कोवळा शिपाई गाडीमागे तोंड फिरवून उभा होता, त्याचे खांदे हलत होते. दुसऱ्या वस्तीतली पोरं बाहुला पळवतील म्हणून ब्रिसाच्या टोळीनं तो रात्री तिथे ताडपत्रीखाली लपवून ठेवला होता, एवढंच. ती बिचारी सकाळपासून शाळेत होती.

नेली हसली नाही. ती उभी राहिली होती आणि माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या नजरेतला प्रश्न मला वाचता येत होता. हा तो नाही. मग तो कुठे?

मी बाहुला काखेत घेऊन तिच्याकडे निघालो. तेवढ्यात गर्दीच्या मागून, सायकल हातात धरून एक जण टाचा उंचावत होता. हँडलला संत्र्यांची पिशवी. पुढे कोण आहे ते दिसेना म्हणून त्यानं दोन्या एर्मिंदाच्या खांद्याला हात लावला आणि हळू आवाजात विचारलं,

"कोण गेलं, आजी?"

म्हातारीनं मान वळवून त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"तू," ती म्हणाली. "पण राहू दे आता."

नेलीनं तो आवाज ओळखला. माणसं बाजूला झाली. ती गेली आणि तिनं त्याला एक सणसणीत ठेवून दिली, अशी की संत्री रस्त्यावर घरंगळली. मग त्याच्या मानेला दोन्ही हातांनी जे धरलं ते सोडेना. तो तिच्या डोक्यावरून माझ्याकडे बघत होता, मामा हे काय चाललंय, अशा तोंडानं. फोनचं चार्जिंग संपलं होतं. भाजीच्या घाऊक बाजारात पहाटे ट्रक उतरवायचं काम त्याला पंधरा दिवसांपूर्वी लागलं होतं, बूट त्याचेच. मग काल सांगितलं का नाहीस, मी विचारलं.

"ती विचारत नव्हती, मामा," तो म्हणाला. "ती मला सांगत होती, मी कोण झालोय ते."

मला त्या निवेदकाची आठवण झाली.

सार्जंटला अहवाल लिहायचा होता. घटनास्थळी काय मिळालं, म्हणून त्यानं पेन काढून मला विचारलं, जसं काही मीच तज्ज्ञ होतो. मी म्हटलं, लिहा, पँट माझी. त्यानं खरंच लिहिलं असावं. जाताना मात्र तो नेलीपाशी थांबला, टोपी काढली आणि म्हणाला, बाई, मलाही एक आहे, सतरा वर्षांचा. मग मला त्याला शिव्या देता येईनात, याचा राग आला.

दुपारी रेडिओवर दुरुस्ती आली. आजचा मृतदेह मृतदेह नव्हता, वर्षातले खून एकशे तीन. आम्ही चौघं नेलीच्या स्वयंपाकघरात बसलो होतो, दोन्या एर्मिंदाही होती, आणि कोणी चमचा हलवेना. इतकी वर्षं मी हा आकडा ऐकतोय. तो खाली आलेला मी त्याआधी कधी ऐकला नव्हता, नंतरही नाही. एक माणूस परत दिला त्यांनी. एकशे तीन घरांत मात्र कोणी बाहुला उलटा करून दाखवला नाही, तेही मला त्या टेबलाशीच आठवलं, आणि तरी मी तीन ताटल्या न्योकी खाल्ल्या. सगळ्यांनी आपापल्या ताटलीखाली नोट सरकवली. नेलीनं नाही. या महिन्यात काही मागत नाही, म्हणाली.

संध्याकाळी पोरं बाहुला न्यायला दुकानात आली. नेली तिथेच होती, तिनं सरळ नाही म्हणून सांगितलं. ब्रिसा कमरेवर हात ठेवून उभी राहिली. बाहुल्याशिवाय जाळ म्हणजे काय जाळ, मावशी, ती म्हणाली, आणि आम्ही चार दिवस खपून केलाय. नेली म्हणाली, मी त्याच्यासाठी दोन तास रडलेय, पोरी, आता मी त्याला जाळू देणार नाही. ब्रिसानं विचार केला. मग निदान त्याला बघायला तरी बसवा, म्हणाली.

म्हणून त्या वर्षी बाहुला जळला नाही. माझ्या दुकानातल्या स्टुलावर, जाळापासून चार हात लांब, सोन्याचा दात दाखवत बसला. खुर्च्या जळल्या, पेट्या जळल्या, पोलिसांची पिवळी पट्टी कोणीतरी टाकली तीही जळली. थंडी कडक होती, तादेओ म्हणाला त्याच्या अंगातलं माझं जाकीट तरी काढून द्या. नेलीनं ऐकलं नाही. तिनं त्याला माझा कोट दिला आणि मी कुडकुडत उभा राहिलो.

जाळाच्या उजेडात त्याचा गाल दिसत होता. सकाळच्या पिठाची चार बोटं अजून तशीच उमटलेली होती. दिवसभर सगळ्या वस्तीनं ती पाहिली, आणि तोंड धू म्हणून त्याला कोणीच सांगितलं नाही.