आजीनं दाखवलेली जागा

झुंबरबाईचा मला अजून राग येतो. हिवाळाभर तिच्या हातची बाजरीची भाकरी खाल्ली, तरी येतो.

जुन्नरच्या पश्चिमेला डोंगरात एक दगडखाण सुरू होत होती. खडी फोडायची, वाळू धुवायची आणि धुतल्यावर उरलेलं गाळाचं पाणी साठवायला वर एक तळं. तळ्याला मातीचा बांध, बांधाच्या थेट खाली एक वाडी, आणि वाडीत सगळ्यात वरचं घर झुंबरबाईचं. बांध नीट दाबून घेतला नाही तर मोठ्या पावसात तो गाळ तिच्या चुलीपर्यंत येणार, हे कळायला इंजिनिअर लागत नाही. मी मात्र इंजिनिअर होते, महाळुंगे पडवळची हर्षाली, मातीची तपासणी करणाऱ्या एजन्सीची नोकर. मातीचा थर पसरला, पाणी मारलं, रोलर फिरवला, की मी त्यात छोटा खड्डा घेऊन माती किती घट्ट बसली ते मोजायचं. कच्ची निघाली तर तो थर उकरायला लावायचा.

वाडीचा माझ्यावर काडीचा विश्वास नव्हता. तपासणारे आणि ठेकेदार एकाच ताटात जेवतात, असं तिथले म्हातारे गेणभाऊ माझ्या तोंडावर म्हणाले. मला ते झोंबलं. सोडतीची चिठ्ठी काढायला आपण लहान पोराला पुढे करतो, कारण त्याचं त्यात काही नसतं. मी उलटं केलं. जिचं सगळंच त्यात होतं तिला पुढे केलं. झुंबरबाईला म्हटलं, आजी, बांध तुमच्या डोक्यावर आहे, खड्डा कुठे घ्यायचा ते तुम्हीच दाखवा. गेणभाऊंनी मान डोलावली आणि मी माझ्याच हुशारीवर खूश झाले.

तेव्हापासून प्रत्येक थराला ती लुगडं सावरत बांधावर यायची, जरा इकडेतिकडे फिरायची आणि काठी टेकवून जागा दाखवायची. माती दर वेळी घट्ट निघायची. मग खाली तिच्या ओट्यावर जेवण. माझी आई गेल्यापासून 'अजून अर्धी घे' असं मला कुणी म्हटलं नव्हतं.

एका चतुर्थीला ती ओझरला दर्शनाला गेली. थर तयार होता, म्हणून जागा मीच निवडली. छिन्नी टेकवली तर हातोडीविनाच आत गेली. जरा पलीकडे खड्डा घेतला, तेच. बांधाच्या मधोमध तर कोरडी ढेकळं नुसत्या हातानं निघाली. पाणी मारलेलं नाही, रोलर फिरलेला नाही. घट्ट होते ते फक्त ठिकठिकाणचे तुकडे, आणि आजी काठी टेकवायची ती नेमकी त्यांच्यावर. तिला ते माहीत असणारच. रोलर तिचा मुलगा गोरख चालवत होता.

संध्याकाळी आजी ओझरहून परतल्यावर मी सगळ्यांना बांधावर बोलावलं आणि सांगितलं, बांध पूर्ण उकरून पुन्हा भरावा लागेल. साइटचे मॅनेजर सुदर्शन यांनी आवाज चढवला नाही. आजवरच्या जागा कुणी निवडल्या, एवढंच विचारलं. मी झुंबरबाईकडे बघितलं. घर तिचं होतं, ती आता तरी खरं बोलेल असं मला वाटलं.

"बाईच म्हनायच्या, आजी तुमी दाखवा," ती म्हणाली. "मला अडाणीला काय कळतंय? मी काठी टेकवायची, त्या लिवून घ्यायच्या."

माझ्याकडे तिनं बघितलंही नाही. शेजारी गोरख रोलरची चावी बोटाभोवती फिरवत उभा होता. जी बाई म्हातारीला विचारून खड्डे घेते तिचे आजचे खड्डे तरी कसे मानायचे, असं सुदर्शन म्हणाले. एजन्सीनं मला तिथून काढलं. मी जिल्ह्याला तक्रार केली, तिचं उत्तर अजून यायचंय.

मे महिन्यात उरलेलं सामान न्यायला आले, तोवर बांध पूर्ण झाला होता. आळेफाट्याला पुण्याच्या गाडीची वाट बघत होते, तर समोरच्या गॅरेजच्या जिन्यावरून गोरखची बायको रत्ना दोन्ही पोरांना घेऊन उतरली. वरच खोली घेतली, पोरांच्या शाळेसाठी, असं म्हणाली. मे महिन्यात कसली शाळा, मी विचारलं.

ती जरा घुटमळली. "ह्यांनीच आनलं," ती म्हणाली. "म्हनले, पावसाच्या आत उतरा. त्या बांधाखाली लेकरं ठिवायची न्हाईत."

आणि आजी? आजी शेळ्या सोडून यायच्या नाहीत, एवढं बोलून तिनं पोरांना पुढे ढकललं.

मी पुण्याची गाडी सोडली आणि उलटी जीप धरली. खोटं कशाला बोलू, म्हातारीला वाचवायला निघाले नव्हते. तिला दुखवायला निघाले होते.

ती ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. मी बसलेही नाही. गोरखनं बायकापोरं का हलवली, ठाऊक आहे का, म्हणून विचारलं.

"शाळंसाठी गेल्यात ती," ती म्हणाली.

मी रत्नाचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. सुपातला तिचा हात थांबला. मान वर करून ती बांधाकडे बघत राहिली.

"मला म्हनला व्हता, बांध लई पक्का हाय, बाईच्या खड्ड्यांपायी उगं काम अडतंय, मी सांगतो तितंच काठी टेकव," ती हळू म्हणाली. मग तिनं सूप बाजूला सारलं. "मी शेळ्या टाकून गेलेच नसते, पोरी. पण त्यानं इचारलं बी न्हाई."