भिंतीतून गेलेली तार

“बाई, इथून आणखी एक तार फुटलीये. भिंतीत शिरतेय. तीही काढायची का?”

कपाटामागे अर्धाअधिक शिरलेल्या केबलवाल्याचे फक्त पाय बाहेर दिसत होते. थोरल्या बाई खुर्चीत ताठ बसून त्या पायांवर देखरेख करीत होत्या.

“असेल काहीतरी जुनंपानं. काढा. काहीएक शिल्लक ठेवू नका.”

“नीट आठवून बघा हं. एकदा तोडली की पुन्हा जोडायला मी काही यायचो नाही. धंदाच गुंडाळतोय आम्ही आता.”

“मी एकदा सांगितलं की सांगितलं,” बाई म्हणाल्या. मग मान भिंतीकडे किंचित वळवून, आवाज मुद्दाम चढवून त्यांनी पुस्ती जोडली, “आमच्याकडे आता नवीन आलंय. इंटरनेटवरचं! तारांचं हे लोढणं हवंय कुणाला?”

कपाटामागे पक्कड वाजली.

बाईंचे शेवटचे वाक्य केबलवाल्यासाठी नव्हते. ते भिंतीपलीकडे राहणाऱ्या धाकट्या जावेसाठी होते.

घर सासऱ्यांनी बांधलेले. पुढे दोघा भावांनी मध्ये भिंत घातली, तीही एका विटेची, कारण भाऊ एकमेकांवर रागावलेले नव्हतेच. रागावल्या होत्या त्या जावा, आणि तेही सासूबाईंच्या शिवणयंत्रावरून. ते धाकटीला हवे होते, थोरलीने ठेवून घेतले. धाकटी चार माणसांत म्हणाली, “थोरलीला सुईत दोरा ओवता येत नाही, यंत्र मात्र हवं.” त्या दिवसापासून अबोला. दोघींचे नवरे गेले, मुलांची लग्ने झाली, यंत्रावर इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग चढला. अबोला मात्र जागचा हलला नाही.

पण त्या दोघी बोलत नव्हत्या असे म्हणणे धादांत खोटे ठरेल. रोज रात्री आठला दोन्ही घरांत एकच मालिका लागे आणि दोघी आपापल्या टीव्हीशी बोलत.

मालिकेतली सून सोफ्यावर टेकली की थोरल्या बाई खडसावत, “नीट बस की जरा! चारचौघांत पाय लांब करून बसायची ही कुठली रीत?” ती सून बिचारी पाय जुळवून बसलेली असे. पाय लांब करून बसायची सवय होती ती धाकटीला.

पलीकडून मालिकेतल्या सासूला उत्तर जाई, “दुसऱ्याच्या पायांवर कसली नजर ठेवता? आपल्या जिभेवर ठेवा!”

जाहिराती लागल्या की खरी जुंपे. साबणाच्या जाहिरातीला थोरली सांगे, “काही लोकांच्या दोरीवरचे कपडे बघावेत, धुतले की मळवले कळत नाही.” तेलाच्या जाहिरातीवर पलीकडून येई, “तेल लावून केस येत असते, तर काही डोकी अशी चकाकली नसती!” यावर थोरल्या बाई पदराने तोंड दाबून हसत. हसू भिंतीपलीकडे जाता कामा नये, एवढे पथ्य त्या कसोशीने पाळीत.

एकदा बाईंना ताप भरला होता. त्या रात्री मालिकेत लग्नाच्या खरेदीचा प्रसंग चालू होता, आणि पलीकडून धाकटी कुणा डॉक्टरांना बजावत होती, “अहो डॉक्टर, नुसत्या गोळ्या देऊ नका तिला. आधी पोटाला काही पातळ द्या. रिकाम्या पोटी गोळी सोसत नाही तिला, मला माहितीय.” मालिकेत त्या दिवशी डॉक्टर मुळी नव्हताच. बाईंनी सुनेला हाक मारून वाटीभर पेज करायला सांगितली.

हे सगळे मुलाला ठाऊक असायचे कारण नव्हते. नवा टीव्ही लावताना तो उत्साहाने म्हणाला, “आई, आता तुझी मालिका तुला हवी तेव्हा. दुपारी बघ, सकाळी बघ. जाहिराती नाहीत, काही नाही.”

“म्हणजे ती माझ्यासाठी थांबणार?”

“तू म्हणशील तेव्हा सुरू, तू म्हणशील तेव्हा बंद.”

हे बाईंना पटले. या घरात आजवर सगळे त्यांच्या शब्दावर सुरू झाले होते आणि त्यांच्या शब्दावर थांबले होते. एक ती मालिका तेवढी आपल्या वेळेने येत असे.

तार तोडली त्या संध्याकाळी बाई आठला बसल्या. सून पडद्यावर आली. “नीट बस की जरा!” बाईंनी सुरुवात करून दिली.

पलीकडे चिडीचूप. टीव्हीचाही आवाज नाही.

“ऐकू येत नाही वाटतं लोकांना!” बाई म्हणाल्या. काहीच नाही. नव्या टीव्हीचा तोरा धाकटीला झोंबला, हे त्यांनी ताडले आणि मनातून त्या सुखावल्या. बसू दे फुगून. उद्या येईल शब्द.

दुसऱ्या दिवशी शब्द आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. बाईंनी मालिकेतल्या सुनेला फैलावर घेतले, तिच्या सासूची तरफदारी केली, एकदा तर शिवणयंत्राचा विषयही काढून पाहिला. भिंत मुकी ती मुकीच. जाहिराती नसल्यामुळे मालिका धावत सुटल्यासारखी संपून जाई.

“काय झालंय तिला?” एकदा न राहवून त्यांनी आपल्या सुनेला विचारले.

“कुणाला, आई?”

“कुणाला नाही. भाजी निवडून झाली का?”

विचारायला जावे, असे त्यांच्या मनात आले नाही असे नाही. पण मी थोरली. मी का म्हणून जाऊ? आणि एकटीने टीव्हीशी बोलणे म्हणजे वेडेपणाच. बाईंनी बोलणे सोडले. मग आठची वेळही सोडली. दुपारी जेवणानंतर, आवाज बारीक ठेवून, त्या मालिका बघू लागल्या. कधी तर ती चालू असताना त्यांचा डोळा लागे आणि जाग आल्यावर मालिका जिथल्या तिथे थांबलेली दिसे. ती खरोखरच त्यांच्यासाठी थांबू लागली होती.

एका सकाळी पलीकडे धावपळ ऐकू आली. रुग्णवाहिका दाराशी लागली, गेली. संध्याकाळी मुलगा दवाखान्यातून परतला तो खाली मान घालूनच.

“काकू गेली, आई.”

बाईंनी पायांत वहाणा घातल्या, आपल्या फाटकातून बाहेर पडल्या आणि शेजारच्या फाटकातून आत गेल्या. वाट एवढीशीच होती.

ओटीवर माणसे बसलेली होती. ती उठून उभी राहिली. बाई थेट आतल्या खोलीत गेल्या. टीव्ही समोरच्या कोनाड्यात होता, पण खुर्ची त्याच्यासमोर नव्हती. ती भिंतीला, दोन्ही घरांमधल्या त्या एका विटेच्या भिंतीला लावून ठेवलेली होती. पुढे एक ठेंगणे स्टूल. खुर्चीच्या वर रंगावर डोके टेकून टेकून पडलेला तेलकट डाग होता, आणि त्याच्या जरा खाली, भोकातून, तारेचे एक तुटके टोक लोंबत होते.

बाईंना त्या क्षणी सगळे आठवले. केबल नवी नवी आली होती तेव्हा दोघा भावांनी हसत खिदळत ते भोक पाडले होते. एकाच जोडणीवर दोन टीव्ही. “बायका बोलत नाहीत, पण टीव्ही तरी बोलू देत,” असे दीर म्हणाले होते.

“मोठ्या आई, बसा ना,” धाकटीची सून मागून म्हणाली. डोळे पुसत ती सांगू लागली, “टीव्ही बंद पडला तेव्हा आम्ही म्हटलं, दुसरी सोय करतो. तर सासूबाई म्हणाल्या, ‘नको. थोरलीनं तोडलंय, तीच जोडेल. कंटाळेल ना एकटी बोलून.’”

बाईंनी तारेचे ते टोक बोटांनी चाचपले.

“आठ वाजले की इथे येऊन बसायच्या. पहिले काही दिवस तुमचं ऐकू यायचं. हसायच्या, पण आम्हाला खुणेनं गप्प करायच्या. मग तुमच्याकडचं येईनासं झालं. तरी बसायच्या. म्हणायच्या, ‘लावेल आता. कामात असेल.’”

“उत्तर का नाही दिलं तिनं मला?” बाईंचा आवाज दरडावणाराच निघाला; दुसरा त्यांच्यापाशी नव्हता.

“त्या म्हणायच्या, समोर चित्र नसताना काय बोलणार? थोरलीला कळेल, मी नुसतं तिचंच ऐकतेय.”

“आणि हे स्टूल?”

“पाय सुजायचे ना त्यांचे. फार वर्षांपासूनचं आहे ते दुखणं. खाली सोडून बसवायचंच नाही.”

ओटीवरची काही माणसे आत येऊन भिंतीकडेने बसली. कुणीतरी पाण्याचा पेला पुढे केला, तो बाईंनी हातानेच परतवला. पलीकडे त्यांच्या स्वतःच्या घरातले घड्याळ आठचे ठोके देऊ लागले. इथून ते किती स्वच्छ ऐकू येत होते.

बाई धाकटीच्या खुर्चीत बसल्या. डोके मागे, त्या डागावर टेकले. मग, खोलीभर माणसे बघत असताना, त्यांनी एकेक करून दोन्ही पाय उचलले आणि त्या ठेंगण्या स्टुलावर लांब केले.