तिपाईवरचा जळकुकडा

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे आणि जळकुकडा आहे. दुसरी गोष्ट तुम्हाला कोणीतरी सांगेलच, म्हणून आपणच सांगून टाकलेली बरी.

कारखान्यात पांढरे हातमोजे घातलेल्या एका बाईंनी मला भिंग बसवलं आणि त्या शेजारणीला म्हणाल्या, "हा लांब जाणार बघ." गेलो कुठे, तर एका अरुंद फोटो स्टुडिओत. मला तिपाईवर चढवलं, पुढे निळा पडदा, पडद्यापुढे स्टूल. तेव्हापासून माझ्यासमोर नुसती ओळखपत्राची तोंडं. माझे मालक म्हणजे दादा. ते प्रत्येकाला एकच मंत्र देतात, "हनुवटी खाली. हलू नका." माझं काम चोख होतं. गिऱ्हाईक म्हणायचं, "बरा दिसतो हो मी फोटोत." कौतुक काय ते तेवढंच.

दादांचा जीव मात्र सायकलच्या शर्यतींत. शर्यती सातासमुद्रापार आणि हे दुकानात संगणकापुढे. कोण जिंकलं यापेक्षा फोटो कोणी कसा काढला, यावर त्यांचा डोळा. आवडलेले फोटो मोठे छापून ते नेमके माझ्या समोरच्या भिंतीवर चिकटवायचे. कुठे चिखलाने माखलेला चेहरा, कुठे घाटाच्या वळणावर आडवा झालेला गडी, चाकं पुसट आणि डोळे लख्ख. "काय टिपलंय," म्हणत ते मान डोलवायचे आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. ते कॅमेरे मोटारसायकलवर उलटे बसून डोंगर चढतात. मी मात्र तीन पाय असून पांगळा. मला कोणी कधी घाटात नेलं होतं का?

भिंतीवर जळणारं आणखी एक माणूस होतं, दादांची धाकटी बहीण. ती नर्स. रोज सायकलवरून इस्पितळात जाताना दुकानापुढे घंटी वाजवायची. दादा संगणकातूनच "हं" म्हणायचे.

एका दुपारी ती आत आली आणि भिंतीपुढे उभी राहिली.

"दादा, यातल्या एकेकाला तू नुसत्या पाठीवरून ओळखतोस. माझी सायकल कुठल्या रंगाची आहे?"

"काळी."

"काळी चोरीला गेली. ही हिरवी. आणि सोमवारपासून हीही दिसायची नाही. माझी बदली झालीय, लांबच्या गावी."

दादांनी संगणक बंद केला. मग त्यांनी मला तिपाईवरून उतरवलं आणि दाराबाहेर नेलं. एवढं ऊन मी जन्मात पाहिलं नव्हतं.

दादांनी सांगितल्यावर धाकटी कोपऱ्यापर्यंत गेली आणि तिथून जोरात सायकल मारत आली. ऐन समोर येताच दादा सवयीने ओरडले, "हलू नका!" तिने करकचून ब्रेक दाबला. मागचा दूधवाला तिच्यावर आदळता आदळता वाचला.

"अरे, हलू नको तर पुढे येऊ कशी? आणि मला कधीपासून अहो-जाहो?" हसून हसून ती हँडलवर वाकली. दूधवाला हसला नाही.

ती पुन्हा कोपऱ्यावर गेली. या खेपेला दादांनी तोंड मिटलं आणि मला तिच्याबरोबर वळवत नेलं. मला गरगरलं, पण मी तिला सोडलं नाही. रस्ता, दुकानं, दूधवाला, सगळं पुसटलं. मधोमध राहिला तिचा हसू दाबलेला चेहरा.

तो फोटो चिखलवाल्याच्या शेजारी लागला. गिऱ्हाईकं विचारू लागली, "ही कुठली शर्यत?" वाटलं, आता माझी पोटदुखी थांबेल. कसली थांबते! आता मी त्या फोटोवरच जळू लागलो. कौतुक सगळं त्याचं, माझं भिंग पुसायचं कोणाला सुचत नव्हतं.

रविवारी धाकटी निरोप घ्यायला आली. दादांनी फोटो काढून तिच्या हातात ठेवला. "घेऊन जा." तिने तो होता तिथेच परत चिकटवला आणि कोपरे अंगठ्याने दाबले.

"इथेच असू दे, दादा. आता मीही लांबची झाले. आता बघशील."

तिची सायकल कोपऱ्यावरून वळेपर्यंत दादा दारात उभे होते. मित्रांनो, मला पुसायचं राहून गेलं तरी मी जळत-कुढत तिपाईवरच असतो. माणसं मात्र निघून जातात. ती जवळ आहेत तोवर त्यांच्याकडे बघून घ्या.