पावलांनी नेलेला आवाज

शिशिराची सकाळ परभणीच्या काळ्याभोर मातीवर अलगद उतरली होती. करडईच्या पीतकेशरी फुलांवर दव थरथरत होते. हुरड्याला आलेली ज्वारीची कणसे कोवळ्या उन्हात मौक्तिकांसारखी उजळत होती. आणि त्या सुवर्णश्यामल रानाच्या कडेला नभोवाणी केंद्राचा तांबडापांढरा मनोरा, उंच, निश्चल, उभा होता.

त्या मनोऱ्यावरून चाळीस वर्षे एक आवाज उडत आला होता.

अनसूयाबाई पिंगळीकरांचा आवाज. नवनीतमृदू आणि खड्गतीक्ष्ण. तो राणी झाला, जात्यावरची सासुरवाशीण झाला, दहा वर्षांचा हट्टी मुलगा झाला. बाईंचा चेहरा कुणी पाहिला नव्हता. आवाज मात्र अंगणाअंगणांतल्या तुळशीला ठाऊक होता.

एकदा बाजारात त्यांनी नुसते "मेथी कशी दिली?" असे विचारले, आणि भाजीवालीने डोईवरचा पदर सावरला.

"अगं बया, रेडिओतल्या राणीसाब. सोता मेथी घ्याया आलात?"

"काय करणार? प्रधान रजेवर आहे," बाई त्याच राजस स्वरात म्हणाल्या, आणि जुडी घेऊन, सिंहासनावरून उतरावे तशा, मंडईच्या पायऱ्या उतरल्या.

पण बाईंचा खरा अभिमान राणीपणाचा नव्हता. तो जाण्याचा होता.

नभोनाट्यात कुणी दूर जायचे असले, की स्टुडिओच्या काचेपलीकडे बसलेला निर्माता कळ फिरवून आवाज बारीक करी. आपल्या आवाजाला बाईंनी ती कळ कधी लागू दिली नाही. त्या मायक्रोफोनसमोरून स्वतः मागे मागे चालत जात. अनवाणी. बांगड्यांवर ओला रुमाल गुंडाळून. अंगावर ठरलेले एकच जांभळे पातळ, धुऊन धुऊन सायीसारखे मऊ झालेले, तसूभरही न सळसळणारे. जाणारा माणूस हळू बोलत नाही. तो अधिकाधिक उंच हाक मारतो, हे त्यांचे शास्त्र. अंतर वाढे तसा स्वर चढे, आणि ऐकणाऱ्याच्या कानाशी मात्र त्या स्वराची केवळ सावली पोचे.

आज, ऐंशीव्या वर्षी, अखेरची भूमिका होती. लेकीला सासरी सोडून गोदावरीतून नावेने परतणारी आई. तेच जांभळे पातळ होते. पण गुडघे रुसले होते, हाती काठी आली होती, आणि काठीला आवाज होता.

तरुण निर्मात्याने, वैजनाथने, मायक्रोफोनसमोर खुर्ची मांडली. "आक्का, बसूनच बोला. लांब न्यायचं मी बघतो. ऐकणाऱ्याला कळायचंही नाही."

"त्याला नाही कळणार रे. मला कळेल."

"आई, सरळ चालताना भिंत धरता," सून मेधा म्हणाली. "अन् आता उलटं चालणार? मागचं दिसतं तरी का?"

"मागं काय बघायचं? माझ्याच पायांनी पडलेली वाट आहे ती."

बाईंनी काठी आपटून पाहिली. टक्. त्या एका टकेने सारी गोदावरी आटली असती. मग त्यांनी पदराचे टोक दातांत धरले, आणि जांभळी पट्टी टरकन फाडली.

"अहो आई, तुमचं ते पातळ..."

"जन्मभर गप्प राहायचंच काम केलंय त्यानं. आजही करील."

मग मेधाच खाली बसली, काठीच्या पायाशी ती पट्टी घट्ट गुंडाळू लागली. "गाठ आत घेते," ती पुटपुटली, "म्हणजे घासायची नाही."

वैजनाथने खुर्ची उचलून बाजूला नेली, आणि तो काचेपलीकडे कळीपाशी जाऊन बसला.

लाल दिवा लागला.

"येते गं, बाळे." पहिले पाऊल मागे. नाव तीरापासून सुटली. "तुळशीपाशी दिवा लाव. वेळेवर जेव." पाऊल मागे, जांभळी काठी निःशब्द, अनवाणी टाच निःशब्द, आणि स्वर चढत गेला, पाण्यावरून, वाऱ्यावरून, वाढत्या अंतरावरून.

मध्येच गुडघा लचकला. मेधा जागीच ताठरली. पण बाई थांबल्या नाहीत. तो कंप त्यांनी हाकेत घेतला, आणि नाव एका लाटेवर डुलून पुढे सरली.

पाठीला भिंत लागली. चाळीस वर्षांचा पैलतीर. तिथून बाईंनी मान उंचावली, जुन्या राणीसारखी, आणि उरलेला सगळा श्वास एका हाकेत ओतला.

"येते गं..."

मायक्रोफोनपाशी त्या हाकेची पोचली ती नुसती सावली.

आणि काचेपलीकडे, कळीवरून केव्हाच उचललेला वैजनाथचा हात नकळत वर गेला, वरच राहिला. तीरावर उभ्या कुणी, दिसेनाशा होत चाललेल्या नावेला, निरोप द्यावा, तसा.