गाडी थांबली होती

काज आक्रसलं होतं की मान जाड झाली होती कोण जाणे, गळ्याशी आलेलं पांढरं बटण अर्धं आत जायचं आणि निसटायचं... पुतळाबाईच्या बोटांखाली नवऱ्याचा कंठ वर सरकून खाली आला.

"राहू द्या उघडं," ती म्हणाली.

"न्हाय. लाव," साहेबराव म्हणाले.

समोर टेबलावर साहेबरावांच्या भाच्याने, बुद्धघोषने, लॅपटॉप मांडून ठेवला होता. जळोचीतलं त्याचं घर नवं, भिंतींना अजून रंगाचा वास. तो बारामतीच्या कोर्टात वकिली करायचा, आणि त्यानेच कुठूनकुठून माग काढत एका परक्या देशाच्या संसदीय समितीपर्यंत मामांचं नाव पोचवलं होतं. आज ती समिती त्यांची साक्ष घेणार होती. कशाची, ते पुतळाबाईला माहीत होतं आणि नव्हतंही...

पलटणीतून निवृत्त झाल्यावर साहेबराव इराकला गेले ते एका खाजगी सुरक्षा कंपनीचे पहारेकरी म्हणून. लढाई त्या परक्या देशाच्या सरकारची, रसदही त्याचीच, पण रसदीच्या ट्रकांपुढे-मागे बंदुका घेऊन चालणारी माणसं मात्र कंपनीची. एका दुपारी पुढच्या गाडीतल्यांनी एका मोटारीवर गोळ्या झाडल्या. आत एक कुटुंब होतं. इशारा देऊनही मोटार थांबली नाही, असंच सगळ्यांनी सांगायचं, हे कंपनीच्या साहेबाने तळावर बजावलं. तिथल्या पोलिसांना फाटकाच्या आतही घेतलं नाही. मागच्या गाडीतल्या साहेबरावांना कोणी काही विचारलंच नाही. थोड्याच दिवसांत त्यांना घरी पाठवून दिलं.

हेही तिला बुद्धघोषने सांगितलेलं, नवऱ्याने नव्हे. नवरा घरी आला... आला कुठे? लग्नाच्या पंगतीतसुद्धा तो भिंतीला पाठ लावून बसायचा, नजर दारावर. तिने भाकरी वाढली तरी तिच्या हाताकडे बघायचा, तोंडाकडे नाही. शेळगावच्या त्या घरात ती एकटीच बोलत राहिली — लेकीच्या बाळंतपणाचं, पाण्याच्या पाळीचं, म्हशीच्या खुराचं — आणि बोलता बोलता मध्येच थांबली, तरी ते कोणाच्या लक्षात येत नसे. साक्षीचं ठरलं तेव्हा तीच म्हणाली होती, "कशाला उकरून काढताय? झालं गेलं." आज सकाळी एसटीत बसल्यावरही ती मनाशी म्हणत होती, वीज जावी, यंत्र बंद पडावं, काहीतरी व्हावं.

पडदा उजळला. पिकल्या केसांची एक गोरी बाई, शेजारच्या चौकटीत हिंदी बोलणारा दुभाषा. साहेबराव ताठ झाले. दुभाषा सावकाश सांगू लागला: सरकारचं उत्तर आलं आहे. सरकारचा करार मोठ्या कंपनीशी होता, पहारेकरी तिने नेमलेल्या दुसऱ्या कंपनीचे, आणि ती दुसरी कंपनी आता अस्तित्वातच नाही. त्यामुळे पहारेकऱ्यांच्या कृत्याची जबाबदारी सरकारवर येत नाही. समितीचा अधिकार इथे संपतो. साक्ष घेतली जाणार नाही. तसदीबद्दल खेद आहे.

"पण यांनी डोळ्यांनी पाहिलंय," बुद्धघोष हिंदीत म्हणाला.

बाईने मान खाली घातली, काहीतरी पुटपुटली. दुभाष्याने ते सांगितलं नाही. पडदा विझला.

मागितलं ते मिळालं होतं. पुतळाबाई हलकं वाटायची वाट बघत बसली...

साहेबराव तसेच ताठ. मग हजेरी द्यावी तशा आवाजात, त्या काळ्या पडद्याला म्हणाले, "गाडी थांबली व्हती."

"मामा, आपण पुन्हा अर्ज करू," बुद्धघोष म्हणाला.

"कुणाकडं?"

बुद्धघोषने लॅपटॉप मिटला.

परतीच्या एसटीत पुतळाबाईला खिडकीची जागा मिळाली. बाहेर ऊस, उसामागे ऊस, मध्येच कारखान्याकडे निघालेल्या ट्रॅक्टरची लांबलचक ट्रॉली... सरकार म्हणतं कंपनी, कंपनी म्हणते दुसरी कंपनी, दुसरी तर उरलीच नाही — म्हणजे कोणीच झाडल्या नाहीत गोळ्या? आणि मी? मी तरी कधी विचारलं? चहा देताना, अंथरूण घालताना, एवढी वर्षं हा माणूस माझ्यासमोर ताठ बसून होता आणि मी म्हणत राहिले, झालं गेलं. मीसुद्धा खेद कळवून मोकळी झाले...

"अहो," ती हळूच म्हणाली. "त्या गाडीत... बाई व्हती?"

साहेबराव समोरच्या सीटच्या दांडीकडे बघत राहिले. इंजिनाच्या आवाजात ऐकू गेलं नसेल असं तिला वाटलं, आणि बरंही वाटलं.

"व्हती," ते म्हणाले. "काच खाली करत व्हती. हात बाहीर काडून दावायला."

आता बास, पुतळाबाईला वाटलं, आता पुढचं नको. आणि त्याच क्षणी असंही वाटलं की ती बाई तरुण होती का, तिच्या मागे कोण बसलं होतं, तिने यांच्याकडे पाहिलं का, हे आता कळल्यावाचून चालणार नाही. त्या बाईचं तोंड तिला मनासमोर अजून दिसत नव्हतं, फक्त हात... लासुर्णे मागे पडलं. शेळगाव यायला फार वेळ उरला नव्हता. घर आलं की ते पुन्हा भिंतीला पाठ लावून बसतील, हे तिला ठाऊक होतं. ती घाईघाईने मनात पुढचा प्रश्न जुळवू लागली, आणि तो काही केल्या तोंडावाटे निघेना.